एका जर्मन गाडीच्या आवृत्त्या

जर्मनीत जुनी गाडी विकायला काढणारा माणूस जाहिरातीत एक लांबलचक शब्द हमखास घालतो: ‘शेकहेफ्टगेप्फ्लेग्ट’. शब्दशः अर्थ, वहीनुसार सांभाळलेली. ही वही म्हणजे नव्या गाडीबरोबर मिळणारी सर्व्हिसची पुस्तिका. दर देखभालीनंतर गॅरेजवाल्याने तिच्यात तारीख, किलोमीटर आणि शिक्का उमटवायचा, आणि मालकाने ती गाडीच्या कागदपत्रांइतकीच जपायची. या शब्दाच्या जोडीला आणखी काही येतात. ‘ऊनफालफ्राय’, म्हणजे अपघात न झालेली. ‘गाराजेनवागेन’, म्हणजे कायम गॅरेजात उभी राहिलेली. ‘आउस एर्स्टर हांट’, पहिल्याच हातातली. आणि सगळ्यांत मानाचा शब्द ‘रेंटनरफारत्सॉइग’, पेन्शनर माणसाची गाडी; म्हणजे जी शनिवारी धुतली जाते आणि रविवारी चर्चला नेली जाते.

आपल्याकडच्या जाहिराती आठवून पाहा. ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टर ओन्ड’, ‘आर्मी ऑफिसरची’, ‘लेडी ड्रिव्हन’, ‘कंपनी मेंटेन्ड’. पेन्शनर दोन्हीकडे आहे, पहिला हात दोन्हीकडे आहे. फरक साक्षीदाराचा. आपण माणूस साक्षीला उभा करतो: डॉक्टर आहेत हो, खोटं कशाला सांगतील. जर्मन विक्रेता वही उभी करतो. मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे जर्मन जाहिराती वाचून अर्थ सांगण्याची विनंती अधूनमधून येते. अशा जाहिराती वाचता वाचता लक्षात आले की एका गाडीचा इतिहास लिहायचा तर इंजिनापेक्षा शब्दांपासून सुरुवात करणे सोपे. आणि पहिलाच शब्द चुकीच्या भाषांतराचा निघतो.

तो शब्द म्हणजे ‘लक्झरी’. मर्सिडीज-बेंझची मधल्या आकाराची सेडान, कारखान्याच्या आकड्यांत डब्ल्यू १२३ (१९७६ पासून) आणि तिच्यानंतरची डब्ल्यू १२४ (१९८४ च्या अखेरीपासून), या दोन गाड्यांना आपण डोळे मिटून लक्झरी कार म्हणतो. जर्मनीत त्यांचा वर्ग ठरलेला आहे: ‘ओबेरे मिटेलक्लासे’. शब्दाला शब्द ठेवला तर उच्च मध्यमवर्ग. हा गाड्यांचा वर्ग आहे, माणसांचा नव्हे, तरी ते मराठी भाषांतर इतके अचूक बसते की त्यात बदल करावासा वाटत नाही. ऐषारामाची जागा वर होती, ‘ओबरक्लासे’मध्ये. तिथे एस-क्लास बसे. १९७२ साली अधिकृत झालेल्या त्या नावातला ‘एस’ हा ‘झोंडरक्लासे’चा, म्हणजे खास वर्गाचा. मधली गाडी डॉक्टरची, वकिलाची, बऱ्यापैकी जमीन असलेल्या शेतकऱ्याची. आणि सगळ्यांत जास्त दिसणारी ओळख: टॅक्सीची.

१९७१ मध्ये पश्चिम जर्मनीने टॅक्सीचा रंग कायद्याने ठरवला, फिकट हस्तिदंती. त्याआधी टॅक्सी काळ्या असत. पुढची कितीतरी वर्षे जर्मन स्टेशनाबाहेर पाऊल ठेवले की हस्तिदंती मर्सिडीज डिझेलची रांग दिसे. या रांगेतली सर्वांत साधी गाडी म्हणजे २०० डी. दोन लिटरचे डिझेल इंजिन, सुरुवातीला ५५ अश्वशक्ती, आणि शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला ३१ सेकंद. जर्मनांनीच तिला नाव ठेवले ‘वांडरड्यूने’. वाळवंटात वाऱ्याने इंच इंच सरकणारी वाळूची टेकडी असते, तिला हा शब्द आहे. चिडवण्याचेच नाव, पण त्यात माया आहे. सरकते हळू, थांबत मात्र नाही.

डब्ल्यू १२३ बाजारात आली तेव्हा मागणी इतकी होती की नव्या गाडीसाठी वर्षभराहून जास्त थांबावे लागे. नुकतीच ताब्यात आलेली गाडी त्याच दिवशी विकली तर कोऱ्या गाडीपेक्षा जास्त पैसे मिळत. बजाज स्कूटर आणि फियाटसाठी नंबर लावून बसलेल्या आपल्या मागच्या पिढीला हे अजिबात नवल वाटणार नाही. ‘ऑन’ देऊन गाडी घेणे हा आपल्या संसारातला जुना शब्द आहे. फक्त आपल्याकडे टंचाई परवान्यांनी आणली होती, तिकडे मागणीने. या मॉडेलच्या सगळ्या प्रकारच्या मिळून सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. एवढी संख्या ऐषारामाची नसते.

त्याआधीच्या पिढीतली, १९७६ साली बनलेली एक २४० डी आज श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे. थेसालोनिकी इथले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी ती १९८१ मध्ये जर्मनीतून जुनी म्हणून घेतली, तेव्हाच ती दोन लाख किलोमीटरांवर चाललेली होती. २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीला परत दिली तेव्हा आकडा ४६ लाख किलोमीटर होता. इंजिने आलटून-पालटून बसवली गेली, गाडी तीच. अशा गोष्टी कंपन्या जाहिरातीसाठी वापरतात, इथेही वापरली गेली. पण जाहिरात कंपनीची असली, तरी गाडीखाली झोपून दुरुस्ती करणारे हात ग्रीसमधल्या मेकॅनिकांचे होते, हे विसरू नये.

अशा गाड्यांचा दुसरा जन्म जर्मनीबाहेर होई. मोरोक्कोत दोन गावांमध्ये शेअर पद्धतीने चालणाऱ्या टॅक्सीला ‘ग्रां टॅक्सी’ म्हणतात, आणि कित्येक दशके ग्रां टॅक्सी म्हणजे युरोपातून उतरलेली जुनी मर्सिडीज डिझेल. पुढे ड्रायव्हरशेजारी दोन, मागे चार. सहा प्रवासी भरल्याशिवाय गाडी हलत नसे. गेल्या दशकात तिथल्या सरकारने अनुदान देऊन या गाड्या मोडीत काढायला लावल्या आणि त्यांच्या जागी नव्या गाड्या आल्या.

‘गाडी भरल्याशिवाय हलत नाही’ हे वाक्य पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. तिथे त्याला ‘वडाप’ म्हणतात. तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर, पोलिसाच्या नजरेच्या थोडे पलीकडे, ट्रॅक्स उभी असे आणि आतला पोऱ्या गावांची नावे एका दमात ओरडत असे. या ट्रॅक्सच्या बॉनेटखाली काय होते? पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज टेम्पो कंपनीने १९८० च्या दशकात डाइमलर-बेंझचे एक डिझेल इंजिन परवान्याने बनवायला घेतले. कारखान्यातले त्याचे नाव ओएम ६१६. २.४ लिटर, चार सिलिंडर. हेच इंजिन २४० डी मध्ये होते. ज्या इंजिनावर बॉनमध्ये परदेशी पाहुणे विमानतळावरून हॉटेलात जात, त्याच इंजिनावर सातारा-सांगलीकडच्या बाया डोक्यावरच्या पाट्या सांभाळत बाजाराला जात होत्या. ‘टेम्पो’ हा शब्दही तिथलाच. हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याची ती छाप. तिची तीनचाकी हॅनसीट १९५८ नंतर आपल्याकडे परवान्याने बनू लागली, आणि पुढे मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणायचे ठरून गेले. कोशात हा शब्द पाहणाऱ्याला संगीतातली लय आधी सापडेल. रस्त्यावर मात्र तो सामान उतरवतो.

आणि तारा? मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा बहुतेक भारतीयांनी पहिल्यांदा मोटारीवर पाहिलाच नाही. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. हा करार पंधरा वर्षे चालला. १९६९ नंतर ट्रकवरून तारा उतरला आणि टाटांची स्वतःची खूण लागली. त्या पंधरा वर्षांत देशभरातल्या घाटांत पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्या ट्रकच्या नाकावर तो तारा होता. म्हणजे आपल्या देशात या चिन्हाचा पहिला अर्थ होता ओझे. श्रीमंती नंतर आली, तीही मागच्या दाराने: वकिलातींच्या गाड्या, त्या परत करताना सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत निघणारी विक्री, आखातातून कायमचे परतणाऱ्यांनी सामानाबरोबर आणलेली एखादी गाडी. आयातकर इतका जबर की जर्मनीतली टॅक्सी इथे उतरेपर्यंत बंगल्याच्या किमतीची होई. दिल्लीत चाणक्यपुरीच्या फाटकातून किंवा मुंबईत मलबार हिलवर ती दिसे, आणि तिचा अर्थ बदललेला असे. गाडीत काहीही न बदलता. भाषांतरात असे क्वचित घडते की मूळ मजकुराचे एक अक्षरही न हलवता नुसत्या जकातीने अर्थ बदलावा.

गाडीच्या मायेपोटी तिच्या कारखान्याचा इतिहास गाळणे बरे नव्हे. ‘मर्सिडीज’ हे एका मुलीचे नाव. व्यापारी एमिल येलिनेक यांनी आपल्या लेकीचे नाव डाइमलरच्या गाड्यांना दिले, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ कृपा. हे सगळे सांगतात. १९४४ मध्ये डाइमलर-बेंझच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे जबरदस्तीने आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावणीतले कैदी होते, हे कमी सांगितले जाते. कंपनीने स्वतः या इतिहासाचे संशोधन करवून घ्यायला १९८० चे दशक उजाडले; १९८८ मध्ये तिने त्यापोटी दोन कोटी मार्क दिले. म्हणजे डब्ल्यू १२३ चे सारे आयुष्य, आणि डब्ल्यू १२४ ची पहिली वर्षे, या गोष्टीचा हिशेब न मांडता गेली. युद्धानंतरच्या जर्मनीला वही, शिक्का, तारीख यांचे एवढे प्रेम का, याचे उत्तर कुणी सरळ देणार नाही. पण प्रत्येक गाडीचा प्रत्येक शिक्का जपणाऱ्या समाजाने काही वह्या पुष्कळ वर्षे उघडल्या नाहीत, हे या गाडीकडे पाहताना मला विसरता येत नाही.

आता डब्ल्यू १२४ कडे येऊ, कारण तीच पुण्यात बनली. तिच्या आकारामागे ब्रूनो साको यांचे नाव आहे. इटलीतल्या उदिने इथे १९३३ साली जन्मलेले साको १९७५ ते १९९९ या काळात मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते; २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी दोन तत्त्वे मांडली. पहिले, एका वेळी बाजारात असलेल्या लहान-मोठ्या सगळ्या गाड्या एका कुटुंबातल्या दिसाव्यात. दुसरे मला जास्त मोलाचे वाटते: नवी पिढी आली म्हणून जुनी पिढी म्हातारी दिसता कामा नये. साको याला उभी आप्तता म्हणत. मोटारीच्या धंद्यात हे बोलणे जवळजवळ द्रोहाचे आहे. हा धंदा चालतो तोच तुमची गाडी तुम्हाला तीन वर्षांत जुनाट वाटावी यावर.

त्यामुळे डब्ल्यू १२४ दिसायला साधी आहे, आणि पहिल्या नजरेत थोडी कंटाळवाणी. तिची हुशारी कळायला वेळ लागतो. मागचा भाग आत निमुळता होत जातो, त्यामुळे हवा सुटसुटीत निघून जाते. हवेच्या विरोधाचा गुणांक लहान इंजिनाच्या मॉडेलमध्ये ०.२९ पर्यंत उतरला, जो त्या काळच्या चार दारांच्या कुटुंबाच्या गाडीसाठी आश्चर्याचा होता. डिकीचे झाकण खाली बंपरपर्यंत उघडते, म्हणून जड बॅग उचलून आत टाकावी लागत नाही. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांची स्वतंत्र जोडणी आहे, जी आधी १९८२ च्या धाकट्या १९० मॉडेलमध्ये आली. खड्ड्यातून जाताना चाक आपले काम करते आणि बसणाऱ्याला त्याची वर्दी देत नाही. आणि वायपर. पुढच्या काचेला एकच वायपर आहे. फिरता फिरता त्याची दांडी लांब-आखूड होते, म्हणजे कोपऱ्यापाशी आला की हात लांबवल्यासारखा पुढे सरतो आणि मध्यावर येताना आखडतो. काचेचा ८६ टक्के भाग तो एकटा पुसतो. मुंबईच्या जुलैत एखाद्या डब्ल्यू १२४ मध्ये पुढे बसायला मिळाले तर पाऊस सोडून त्या वायपरकडेच पाहत बसावेसे वाटते.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरची परवान्याची अट सरकारने काढली. १९९४ मध्ये टेल्कोबरोबर मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी उभी राहिली आणि १९९५ मध्ये टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यातून पहिली भारतीय मर्सिडीज मोटार बाहेर पडली. जर्मनीहून सुटे भाग यायचे, इथे जुळणी व्हायची. पेट्रोलमध्ये ई २२०, डिझेलमध्ये पाच सिलिंडरांची ई २५० डी. हा ‘ई’ मुळात ‘आइनश्प्रित्सुंग’चा, म्हणजे इंधन फवाऱ्याने देणाऱ्या इंजिनाचा, पूर्वी तो आकड्याच्या मागे लागे. तोपर्यंत सगळ्याच पेट्रोल गाड्यांत फवारा आला होता, मग अक्षराला काम उरले नाही. १९९३ मध्ये त्याला उचलून आकड्याच्या पुढे ठेवले आणि ‘ई-क्लास’ असे वर्गाचे नाव केले. अर्थ संपलेल्या प्रत्ययाला बढती मिळाल्याचे उदाहरण व्याकरणात शोधूनही सहज सापडणार नाही.

किंमत वीस लाखांच्या वर. त्या वेळी मारुती ८०० घेणे हाच घरातला सोहळा होता. तरीही मोठ्या उद्योगपतींच्या, नटांच्या, बिल्डरांच्या रांगा लागतील असा अंदाज होता. लागल्या नाहीत. कारण त्याच १९९५ च्या उन्हाळ्यात युरोपात चार गोल दिव्यांची नवी ई-क्लास आली. भारतीय गिऱ्हाईकाने वर्तमानपत्रात आणि नुकत्याच आलेल्या केबल टीव्हीवर ती पाहिली आणि हिशेब केला: आम्हाला शिळे वाढले. चाळीस वर्षे जुन्या मॉरिसची ॲम्बॅसडर आणि जुन्या फियाटची पद्मिनी निमूटपणे चालवलेल्या देशाने ठरवले होते की आता शिळे घ्यायचे नाही. विक्री अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली आणि काही वर्षांतच पुण्यातही नवी पिढी जोडायला घेतली गेली.

शिळेपणाचा राग समजण्यासारखा होता. मोटारीचा न्याय मात्र उलटा निघाला. चार गोल दिव्यांच्या पहिल्या गाड्यांना युरोपात गंजाने ग्रासले, आणि मागे टाकलेली डब्ल्यू १२४ हीच शेवटची ‘खरी’ मर्सिडीज असे जाणकार म्हणू लागले. असे शेरे फार गंभीरपणे घेऊ नयेत. प्रत्येक पिढीला आपल्या तरुणपणचीच गाडी खरी वाटते. तरी एवढे खरे की डब्ल्यू १२४ बनली तेव्हा इंजिनिअरांनी आधी गाडी ठरवली आणि मग खर्च मोजला, आणि तिच्यानंतर हा क्रम बदलला.

दुसरे एक कारण कमी बोलले जाते. जर्मनीत ही गाडी मालक स्वतः चालवतो. इथे मालक मागे बसतो. स्टिअरिंगचा नेमकेपणा, सीटची कडक बैठक, लांबच्या प्रवासात पाठ न दुखणे, हे सारे गुण ड्रायव्हरच्या वाट्याला आले, आणि ज्याने पैसे मोजले त्याला गुडघ्यापुढची जागा तेवढी दिसली. गाडी चालवणाऱ्याला तिचे कौतुक, पण त्याचे मत कोण विचारणार? मागच्या सीटसाठी मुद्दाम लांब केलेली ई-क्लास भारतात यायला २०१७ उजाडावे लागले.

पुण्यात जोडलेल्या त्या गाड्यांपैकी जेवढ्या उरल्या आहेत त्या आता तिसऱ्या-चौथ्या हातात आहेत. कुणी घ्यायला निघाला असेल तर त्याने ती पोथीसारखी वाचावी. प्रत्येक गाडीचा कारखान्यात एक माहितीपट निघालेला असतो, जर्मनीत त्याला ‘डाटेनकार्टे’ म्हणतात: इंजिन क्रमांक, रंगाचा क्रमांक, मूळ आतली कापडे, जोडलेल्या सोयींचे सांकेतिक आकडे. समोरची गाडी काळी असेल आणि पटावर पांढऱ्याचा आकडा असेल, तर कुठे आणि का रंगवली हे विचारायचे. बऱ्याचदा उत्तर अपघात असते. साकोंच्या काळात दारांच्या खालच्या भागाला प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या लागल्या, जर्मनांनी त्यांना ‘साको-ब्रेटर’, साको फळ्या, असे टोपणनाव दिले. दिसायला नीटनेटक्या, पण आत चिखल आणि ओल धरून ठेवतात. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीची ही फळी काढून आत पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये. जॅक लावायच्या जागाही तपासाव्या.

पेट्रोल गाडीत आणखी एक दुखणे आहे, आणि ते नेमके १९९३ ते ९५ च्या सुमाराच्या गाड्यांचे. त्या काळी इंजिनातल्या वायरींचे वेष्टन अशा मालाचे केले की ते लवकर विघटित व्हावे. पर्यावरणाची काळजी होती. ते इंजिनाच्या उष्णतेने गाडी रस्त्यावर असतानाच विघटित होऊ लागले. वायरीला बोट लावले की बिस्किटासारखा चुरा पडतो. वायरींचा नवा संच बसवला आहे की नाही, आणि बसवल्याची पावती आहे की नाही, हे ई २२० घेणाऱ्याने आधी विचारावे. डिझेलला हा त्रास कमी भोवतो, कारण तिचे बरेचसे काम यंत्रावर चालते, विजेवर नाही. दारांची कुलुपे हवेच्या दाबाने बंद होतात. नळी कुठे फुटली की एक दार रुसते. जुन्या डब्ल्यू १२३ डिझेलमध्ये तर इंजिन बंद करण्याचे कामही याच नळ्यांकडे असे, म्हणून गळती झाली की किल्ली खिशात आणि गाडी दारात सुरूच, असा देखावा होई. यातले काहीच भीतीदायक नाही. जुना मेकॅनिक एका दुपारी शोधून काढतो. अडचण मेकॅनिकांची आहे, कारण गाडीचा आवाज ऐकून निदान करणारी पिढी निवृत्त होते आहे आणि नवी मुले संगणक जोडायला सॉकेट शोधतात.

मग प्रश्न येतो, किती दुरुस्त करायचे? नवा रंग, नवे चामडे, चकचकीत चाके लावली की फोटोत गाडी उठून दिसते. मला त्यापेक्षा ड्रायव्हरच्या कोपराने गुळगुळीत झालेली दाराची टेक जास्त बोलकी वाटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा काम होते मागाहून घुसलेले काढण्याचे, नव्याने सजवण्याचे नव्हे. गाडीतही भर कमी, आणि प्रक्षिप्त काढणे जास्त: कुणी मागून बसवलेला स्पीकरचा खोका, सोनेरी तारा, काचांवरची काळी फिल्म. हे काढले की खालची गाडी बहुधा शाबूत सापडते.

जर्मन कायदा हीच भाषा बोलतो. पहिल्या नोंदणीला तीस वर्षे झालेली, बरीचशी मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत असलेली गाडी तिथे ‘ओल्डटायमर’ ठरते. हा शब्द इंग्रजी दिसतो, पण इंग्रजीत त्याचा अर्थ म्हातारबुवा. गाडीचा अर्थ जर्मनांनी दिला. १९९७ पासून अशा गाडीच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागते, ‘हिस्टोरिश’चे. रस्ताकर वर्षाला १९० युरोंच्या आसपास, इंजिन कितीही मोठे असले तरी तेवढाच. प्रदूषणामुळे मर्यादित केलेल्या शहरी भागांतही तिला जाता येते. कायद्यात यासाठी वापरलेला शब्द आहे ‘कुल्टुरगूट’, सांस्कृतिक ठेवा. टॅक्सी तीस वर्षांत सांस्कृतिक ठेवा होते, हे वाचून पहिल्यांदा हसू येते. मग ‘का नाही?’ असे वाटते.

भारतात २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, आणि रोजच्या वापराला मनाई. नियम चांगले आहेत. फक्त वयाची अट पन्नास वर्षांची आहे. तीस आणि पन्नास यांच्या मधल्या वीस वर्षांत ही गाडी कायद्याच्या लेखी निव्वळ जुने वाहन असते. राजधानी परिसरात तर त्याहून वाईट: दहा वर्षांपुढचे डिझेल आणि पंधरा वर्षांपुढचे पेट्रोल वाहन रस्त्यावर नको, असे हरित लवादाने सांगितले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे अंमलबजावणी कधी कडक, कधी सैल होत राहिली. दिल्लीच्या हवेत श्वास घेणाऱ्या मुलांपुढे माझ्यासारखीच्या आवडीला काही वजन असू नये, हे मी मान्य करते. ओएम ६१६ चा काळा धूर मी वडापच्या मागे बसून खाल्लेला आहे. पण महिन्यातून एकदा दोन तास बाहेर निघणारी गाडी आणि रोज दोनशे किलोमीटर पळणारी गाडी यांना एकच माप लावले की ठेवा आणि भंगार यांत फरक करण्याची गरजच उरत नाही. तो फरक करण्याचे काम मग भंगारवाला करतो, वजनाने.

महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढची पाच वर्षे मिळवायची. १९९५ ची पुण्याची ई-क्लास २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशी चारदा त्या रांगेत उभी राहिली असेल तर ती आज रस्त्यावर आहे. व्हिंटेजची पाटी मिळायला २०४५ उजाडेल. त्याआधी अजून तीनदा जायचे आहे.